उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी

वडिलांची यकृताची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, फोनवरून रद्द झाली. फोन सर्जनच्या सहायकाचा होता. स्कॅनमध्ये फुफ्फुसात ठिपका दिसला आहे, त्यामुळे आता ऑपरेशन नाही, सोमवारी ओपीडीत या, असे तो म्हणाला. बोलणे दीड मिनिट चालले. शस्त्रक्रिया पुढच्या बुधवारी व्हायची होती.

मी वृत्तपत्राच्या कार्यालयात जिल्हा पान लावत होतो. पहिला फोन मी आईला केला नाही, रक्तदात्यांना केला. चार जण ठरले होते. दोघे माझे सहकारी, दोघे इंदोऱ्यातल्या आमच्या विहारातले. बुधवारची सुटी टाकू नका, एवढेच त्यांना सांगायचे होते. विहारातल्या एकाने विचारले, ‘‘काहून गा, पुढं ढकललं काय?’’ मी हो म्हणालो. ते खरे नव्हते.

वडील तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते. कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा हाताळणी विभागात त्यांनी एकतीस वर्षे काढली. निवृत्तीनंतर ते इंदोऱ्यातल्या घरी राहत. मोठ्या आतड्यातली गाठ आदल्या वर्षी काढली होती. ऑक्टोबरच्या तपासणीत यकृतात गाठ दिसली. सर्जनने औषधांच्या चिठ्ठीमागे यकृताचे चित्र काढले, त्यावर एक आडवी रेघ मारली आणि समजावले. यकृतात एक-दोन गाठी असतील आणि शरीरात इतर कुठे काही नसेल, तर तेवढा भाग कापून काढतो, यकृत पुन्हा वाढते, माणूस बरीच वर्षे जगू शकतो. इतर कुठे पोहोचला असेल, तर कापण्यात अर्थ नाही.

वडिलांनी विचारले, ‘‘म्हणजे बाकीचं साफ पाहिजे.’’

‘‘बाकीचं साफ पाहिजे,’’ सर्जन म्हणाले.

ते साफ आहे की नाही, हे पाहण्यासाठी पेट-सीटी स्कॅन सांगितला. त्यात दोन तपासण्या एकाच टेबलावर होतात. सीटी ही क्ष-किरणांची. ती हाडे, फुफ्फुसे, यकृत यांचे नेमके आकार दाखवते, पण एखादी जागा आतून किती सक्रिय आहे हे तिला कळत नाही. पेटमध्ये किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या पेशी ती जास्त खातात आणि चित्रात उजळतात. पण ते चित्र धूसर असते. ठिपका दिसतो, तो कोणत्या अवयवात आहे हे नीट कळत नाही. म्हणून संगणक एक चित्र दुसऱ्यावर बसवतो. आकार सीटीचा, उजेड पेटचा.

आमचा छापखाना बुटीबोरीला आहे. रंगीत पान चार रंगांच्या चार प्लेटांनी छापतात. चारही एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर चेहरा दिसतो. एक प्लेट केसभर सरकली की पालकमंत्र्यांना चार ओठ येतात आणि सकाळी संपादकांना फोन येतो. प्रत्येक प्लेट आपापल्या जागी बरोबरच असते. हे मी वीस वर्षे पाहत आलो होतो. स्कॅनच्या बाबतीत ते माझ्या मनात आले नाही.

स्कॅन नोव्हेंबरच्या मध्यावर, एका मंगळवारी झाला. आम्ही सव्वाआठला पोहोचलो. सोबत वडिलांचे मित्र होते. दोघे कोराडीत एकाच पाळीत होते आणि एकाच महिन्यात निवृत्त झाले होते. मी वेळा वहीत लिहीत होतो, तशी सवय आहे. आठ चाळीसला बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. नऊ पाचला इंजेक्शन. त्यानंतर तासभर एका खोलीत गप्प पडून राहायचे. दहा दहाला आत बोलावले. तंत्रज्ञ पंचविशीची मुलगी होती, हिंदी बोलत होती. अंगावरचे धातूचे सगळे काढायला तिने सांगितले. वडिलांनी पट्टा, घड्याळ आणि कानातले यंत्र काढून माझ्या हातात दिले. कोळशाच्या क्रशरशेजारी उभे राहून त्यांचा ऐकू येण्याचा भाग बराच गेला होता. यंत्र मी शर्टाच्या खिशात ठेवले. दार बंद झाले. दहा अठ्ठेचाळीसला ते बाहेर आले. तंत्रज्ञ म्हणाली, ‘‘अंकल बहुत अच्छे पेशंट हैं, बिलकुल नहीं हिले.’’

समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. वडिलांनी यंत्र कानात बसवले. मित्राने विचारले, ‘‘काय केलं गा इतका वेळ? झोप काढली काय?’’

‘‘झोपू देते काय थे. हात डोक्याच्या वर करून निजवलं. पयले त्या चक्रीतून सर्रकन नेलं, तवा म्या छाती भरून श्वास घेतला अन् रोखला. पार चक्री थांबेस्तोर.’’

‘‘तिनं सांगतलं होतं काय?’’

‘‘पोट्टी काही बोललीच नाही. विसरली असन. आपल्याले काय सांगा लागते, एकतीस वर्सं तेच केलं नं.’’

‘‘तू तं जुना कलाकार हायस बाप्पा.’’

‘‘तुह्यासारखं नाही. तू श्वास रोखे तं डॉक्टरले वाटे, बॉयलर लीक झाला.’’

मित्राच्या कपातला चहा हसताना बशीत सांडला. वहीत त्या दिवशीच्या नोंदींमध्ये हे आहे: ‘बाबांनी श्वास रोखला. स्वतःहून.’ त्याच्या आधी टोकन क्रमांक आहे आणि नंतर गाडी कुठे लावली ते. मी पुढे काही विचारले नाही.

श्वास रोखण्यामागे कोराडीतली एक समजूत होती. वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे निघे. माणसे सदरा काढून रांगेत उभी राहत. आतून एक्स-रेवाला ओरडे, श्वास घ्या, रोका. फिल्म धूसर आली की पुन्हा रांग. कोणाच्या छातीत डाग निघाला की त्याला हलक्या कामावर टाकत, आणि ते कोणालाच नको असे. म्हणून जुने कामगार नव्यांना शिकवत, की भरलेली छाती साफ दिसते, रिकामी छाती काळी दिसते, तेव्हा जितका भरता येईल तितका भर आणि तो सोड म्हणेपर्यंत सोडू नको. यात खरे किती हे कोणी तपासले नव्हते. एक्स-रेच्या आदल्या दिवशी माणसे चहाच्या सुटीत घड्याळ लावून सराव करत. वडिलांचा आकडा त्यांच्या पाळीत सर्वांत मोठा होता. लग्नकार्यात तो सांगितला जाई.

पेट-सीटीत नेमके उलटे हवे असते. सीटी वीसेक सेकंदांत उरकते, पेटला वीसेक मिनिटे लागतात. वीस मिनिटे श्वास कोणीच रोखू शकत नाही, म्हणून दोन्ही वेळा माणसाने साधा, उथळ श्वास घेत पडून राहायचे असते. माणसाने छाती भरली की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली जातो आणि यकृतालाही खाली ढकलतो. वडिलांच्या सीटीत यकृत खाली होते. पेटमध्ये ते नेहमीच्या जागी होते. संगणकाने एक चित्र दुसऱ्यावर बसवले.

हे सगळे मला मार्चमध्ये कळले.

शुक्रवारच्या फोननंतर सोमवारी आम्ही ओपीडीत गेलो. सर्जनच्या टेबलावर अहवाल होता. यकृताच्या खालच्या भागात एक गाठ, ती माहीतच होती. त्याशिवाय उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी एक उजळ ठिपका. सीटीवर त्या जागी ठळक गाठ दिसत नाही, तरी फुफ्फुसातील प्रसार नाकारता येत नाही, असे वाक्य होते. सर्जन म्हणाले की डॉक्टरांच्या आठवड्याच्या बैठकीत चर्चा झाली, सर्वांचे मत आधी केमोथेरपी असे पडले, चार महिन्यांनी पुन्हा पाहू.

वडिलांनी विचारले, ‘‘म्हणजे बाकीचं साफ नाही.’’

‘‘सध्या तरी नाही.’’

‘‘छातीत तं कधीच काही नव्हतं माह्या. कोराडीचे सगळे एक्स-रे हायेत घरी. आणू काय?’’

‘‘त्यांचा आता उपयोग नाही, काका.’’

त्यांनी ते तरीही पुढच्या वेळी आणले. कापडी पिशवीत, वर्षांप्रमाणे लावलेले. कोणी पाहिले नाहीत.

केमोथेरपी डिसेंबरपासून मार्चपर्यंत चालली. दर दोन आठवड्यांनी आम्ही सकाळी जात असू आणि दुपारी परतत असू. तिसऱ्या खेपेनंतर त्यांच्या बोटांना गार पाणी सोसेना. आई आंघोळीपासून भांड्यांपर्यंत सगळ्याला पाणी तापवू लागली. पाचव्या खेपेनंतर त्यांनी विहारात जाणे थांबवले. जिना चढवत नव्हता. मित्र रोज संध्याकाळी येई आणि त्यांना हिणवे. ‘‘काय गा, क्रशरनं नाही मारलं अन् सलाइननं मारलं काय तुले?’’ वडील म्हणत, ‘‘तू पयले जाशीन पाय.’’ मित्र अजून आहे.

मार्चमध्ये औषधाचा परिणाम पाहण्यासाठी सर्जनने यकृताचे एमआरआय सांगितले. ते दुसऱ्या केंद्रात झाले. तिथे यंत्राचा आवाज फार, म्हणून हेडफोन लावतात आणि त्यातून सूचना मोठ्या आवाजात येतात. घ्या, रोका, सोडा. वडिलांना प्रत्येक शब्द ऐकू आला. बाहेर येताच ते म्हणाले, ‘‘हे बराबर हाय. सांगून राहिले नं हे लोक.’’

तिथल्या डॉक्टर बाईंनी जुन्या पेट-सीटीची सीडी मागून घेतली होती. एमआरआयमध्ये मऊ अवयव सीटीपेक्षा स्पष्ट दिसतात, आणि बाई दोन्ही केंद्रांची चित्रे एकमेकांवर बसवून पाहत होत्या. त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावले. एरवी नातेवाइकालाच बोलावतात. त्यांनी वडिलांना विचारले, ‘‘काका, तो पहिला स्कॅन झाला, तेव्हा तुम्ही श्वास रोखून धरला होता का?’’

वडील खुर्चीत ताठ बसले. ‘‘हो मॅडम. एकदम फुल. हललो बी नाही. त्या पोट्टीनं शाबासकी देल्ली.’’

बाईंनी जुन्या स्कॅनची दोन्ही चित्रे पडद्यावर लावली. मग त्यांनी मला जवळ बोलावून दाखवले. सीटीतली यकृताची वरची कड एका जागी होती, पेटमधली तिच्या तीन बोटे वर. दोन्ही कडांमधल्या पट्ट्यात सीटीला फुफ्फुस दिसत होते आणि पेटला यकृत. ठिपका त्या पट्ट्यात होता. मग त्यांनी सीटी बाजूला केली आणि पेटखाली एमआरआय आणले. ठिपका यकृताच्या घुमटासारख्या वरच्या भागातल्या एका गाठीवर जाऊन बसला. तिथे गाठ आहे हे सीटीत उठून दिसले नव्हते. एमआरआयमध्ये ती स्पष्ट होती.

‘‘म्हणजे फुफ्फुसात नाही,’’ मी म्हणालो.

‘‘फुफ्फुसात नव्हतंच. दोन्ही गाठी यकृतातच होत्या.’’

‘‘मग शस्त्रक्रिया?’’

त्यांनी पुढचे चित्र लावले. यकृताच्या दोन्ही भागांत मिळून आता सात गाठी होत्या. औषधाला त्यांनी दाद दिली नव्हती. बाई म्हणाल्या की निर्णय सर्जनचा, पण एवढ्यावर कोणी सुरी लावेल असे त्यांना वाटत नाही. नोव्हेंबरमध्ये करता आली असती का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, ‘‘नोव्हेंबरचं मी सांगू शकत नाही.’’ सर्जननेही नंतर हेच सांगितले, जवळजवळ याच शब्दांत.

ऑटोत कामठी रोड येईपर्यंत वडील बाहेर पाहत होते. मग त्यांनी विचारले, ‘‘म्या श्वास रोखला म्हणून झालं काय गा हे?’’

‘‘नाही बाबा.’’

‘‘मंग तिनं काहून विचारलं?’’

‘‘विचारावंच लागतं त्यांना. फॉर्ममध्ये असतं.’’

‘‘फॉर्म तं नव्हता तिच्या हातात.’’

घरी आईला त्यांनी स्वतः सगळे सांगितले. पायऱ्या धुऊन ती पदराला हात पुसत होती. ते म्हणाले, ‘‘पोट्टी खरंच काही बोलली नाही वं. बोलली असती तं म्या काय रोखला असता?’’

आई म्हणाली, ‘‘तुमाले ऐकू कशानं येईन? यंत्र होतं काय कानात?’’

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. ‘‘याच्या खिशात होतं,’’ ते म्हणाले.

आई आत गेली. मी वही काढून श्वास रोखल्याची ती नोंद शोधली. नोंद होती.

दोन दिवसांनी मी पहिल्या केंद्रात गेलो. तंत्रज्ञ तीच होती. तिला दिवस आठवत नव्हता, वडील आठवत होते. ती म्हणाली, ‘‘मैंने बोला था सर. माइक पे, दो बार. आराम से सांस लेते रहना. अंकल ने अंगूठा दिखाया, मुझे लगा समझ गए.’’ ती खोटे बोलत होती असे मला वाटले नाही. वडीलही खोटे बोलत नव्हते. तिने बोललेले काचेच्या आत, स्कॅनच्या खोलीपर्यंत पोहोचले आणि वडिलांपर्यंत पोहोचले नाही, इतकेच मला खात्रीने म्हणता येते. ऐकू कमी येते का, हे विचारणारा रकाना त्यांच्या फॉर्ममध्ये नव्हता. मीही सांगितले नव्हते.

केंद्राचे प्रमुख डॉक्टर सभ्यपणे बोलले. त्यांनी जुना अहवाल पडद्यावर उघडला आणि वाक्यावर पेन टेकवले. ‘‘नाकारता येत नाही, असं आम्ही लिहिलं. आहे, असं कुठे लिहिलंय? ते तुम्ही दाखवा.’’

तसे कुठेच लिहिले नव्हते. आमच्या धंद्यात अशा जागी ‘असे समजते’ लिहितात. कागद नंतर मी घरी क्रमाने लावले. अहवालात ‘नाकारता येत नाही’ होते. बैठकीच्या टिपणात ‘फुफ्फुसातील ठिपका, संशयित’ झाले. सहायक फोनवर ‘दिसला आहे’ म्हणाला. केमोथेरपीच्या पहिल्या कागदावर ‘यकृत व फुफ्फुसात प्रसार’ होते आणि पुढच्या प्रत्येक कागदावर आदल्या कागदावरून तेच उतरले होते. यातला एकही माणूस आपल्या कागदापुरता खोटे बोललेला नाही. संशयित ठिपक्यासाठी फक्त छातीची सीटी, श्वास रोखून, पुन्हा काढता आली असती. पाच मिनिटांचे काम. ते कोणी सुचवले नाही, आणि मी कोणाला विचारले नाही. जाहीर सभेतला गर्दीचा आकडा मी दोन ठिकाणांहून तपासल्याशिवाय छापत नाही.

सुधारित अहवाल एप्रिलमध्ये मिळाला. श्वसनामुळे दोन प्रतिमांमध्ये अंतर पडले असण्याची शक्यता, ठिपका यकृताच्या घुमटात, फुफ्फुसे निर्दोष, असे त्यात होते. मी त्याच्या तीन प्रती काढल्या. एक सर्जनला दिली, एक रुग्णालयाच्या फाइलमध्ये लावून घेतली आणि पोच घेतली. तिसरी वडिलांनी मागितली. त्यांनी चष्मा लावून ती इंग्रजी पाने शेवटपर्यंत पाहिली आणि फुफ्फुसांची ओळ कोणती ते माझ्याकडून दाखवून घेतली.

‘‘साफ लिहिलं काय?’’

‘‘साफ लिहिलंय.’’

ती प्रत त्यांनी एक्स-रेच्या पिशवीत ठेवली.

मेमध्ये त्यांना कावीळ झाली. जूनमध्ये पोटात पाणी भरू लागले आणि ते दर आठवड्याला काढावे लागले. पडून श्वास घेता येत नव्हता म्हणून ते भिंतीला टेकून बसून झोपत. मित्राने त्या दिवसांत हिणवणे बंद केले. एकदा तो बाहेर येऊन मला म्हणाला, ‘‘म्याच शिकवलं होतं त्याले. नवा आला होता तवा. भर गा छाती म्हणून.’’ तो चप्पल घालून गेला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी आला.

वडिलांना जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच रुग्णालयात दाखल केले. गुरुवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी ते गेले. आई आणि मी तिथे होतो. साडेआठला आम्हाला मृत्यूचा सारांश मिळाला. तो दोन पानांचा आहे. पहिल्या पानावर, निदानाच्या रकान्यात, मोठ्या आतड्याचा कर्करोग, यकृत व उजव्या फुफ्फुसात प्रसार, असे लिहिले आहे.